कॉम्प्युटर जुना झाला म्हणून टाकू नका, लिनक्स टाका आणि सांभाळणारा माणूस नेमा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला तेव्हापासून आमच्या भागात शाळा, वाचनालयं, दूध सोसायट्या, पतसंस्था सगळीकडे एकच विषय चाललाय की जुने कॉम्प्युटर आता निर्लेखनात काढा आणि नवीन घ्या. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव मुदत ठेवलीये पण ती सुद्धा ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मी नोकरी सांभाळून गेली काही वर्षं अशा ठिकाणचे कॉम्प्युटर बघतो, म्हणजे लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून देणं आणि नंतर ते चालू ठेवणं दोन्ही, आणि त्यातलं दुसरं काम कुणी मोजतच नाही म्हणून हे पत्र लिहितोय. पत्र थोडं लांबलंय पण यातलं प्रत्येक वाक्य रोज कामाला येणारं आहे, जमेल तेवढं छापा ही विनंती.

पहिली गोष्ट म्हणजे यातले बरेच कॉम्प्युटर बिघडलेले नाहीयेतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट ही सुरू होतानाच्या तपासणीची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेलं जवळजवळ सगळं बाहेर. आता चौथ्या किंवा सहाव्या जनरेशनचा आय३ आणि ४ जीबी रॅम असलेलं मशीन पत्रं टाइप करायला, निकालाचं शीट करायला, यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदींची) माहिती भरायला, मुलांना व्हिडिओ दाखवायला अजून ठणठणीत आहे. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या मिंटची एक्सएफसीईवाली (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती २ जीबी रॅमवर सुरू होते आणि ४ जीबी असली की आरामात चालते, आणि जुनी फिरणारी हार्डडिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवली तर तेच मशीन आहे यावर विश्वास बसत नाही लोकांचा. प्रोसेसर फक्त ६४ बिट हवा. कोअर टू ड्युओ सुद्धा ६४ बिटच असतो त्यामुळे बहुतेक अडत नाही, पण त्याच्याही आधीचं काही असेल तर नाद सोडा, कारण जुन्या मशीनची काळजी करणाऱ्या डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर देणं बंद केलंय.

आणि हे सगळं टाकून बघायच्या आधी कळतं. पेन ड्राइव्हवर लिनक्स घ्यायचं, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा, आतल्या डिस्कला हात न लावता तासभर वापरून बघायचं. वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, स्क्रीन नीट दिसतीये का, प्रिंटर ओळखतोय का, सगळं तिथल्या तिथे समजतं. म्हणून माझी पहिली मागणी ही आहे की जिल्हा परिषद असो, नगरपालिका असो की अनुदानित वाचनालय, कॉम्प्युटरच्या निर्लेखनाचा प्रस्ताव करताना "लाइव्ह पेन ड्राइव्हवर चालवून पाहिला, निकाल अमुक" अशी एक ओळ त्या कागदावर सक्तीची करावी. याला बजेट लागत नाही. जे मशीन चालेल ते वापरा, जे नाही चालणार त्याची रॅम आणि पॉवर सप्लाय दुसऱ्याला लावा, उरलेलं रीतसर ई-कचऱ्यात द्या.

फुकट आहे म्हणजे हलकं असणार हा गैरसमज अजून आहे, विशेषतः कमिटीच्या मीटिंगमध्ये. जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर पण त्यावरच चालतो, आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या आत कर्नल म्हणजे गाभा लिनक्सचाच असतो. हा मुद्दा इथेच सोडतो, कारण मला खरं बोलायचंय ते वेगळंच आहे.

लिनक्स टाकणं हे एका दुपारचं काम आहे. उत्साही कार्यकर्ते येतात, शाळेतले वीस कॉम्प्युटर एका रविवारी करून देतात, फोटो निघतात, चांगलं काम असतं ते, मी पण अशा शिबिरांना गेलोय. आणि मग सहा महिन्यांनी त्यातले निम्मे बंद असतात आणि सर सांगतात लिनक्स चांगलं नाही हो, उडतं. मी जाऊन बघतो तर लिनक्सला काही झालेलं नसतं. कुठे डिस्क भरलेली असते, कुठे पासवर्ड कुणालाच माहीत नसतो, कुठे बटण सेल मेलेला असतो. गावच्या नळयोजनेला पाणी सोडणारा माणूस ठरलेला असतो, पंप कितीही भारी असला तरी तो माणूस लागतो, तसा या कॉम्प्युटरांना एक ठरलेला माणूस लागतो आणि तो कुणी नेमत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी माणूस ठरवा आणि मगच लिनक्स टाका.

आता तो माणूस नक्की करतो काय ते सांगतो, कारण लोकांना वाटतं काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं टाइप करणारा कुणी इंजिनिअर पाहिजे. तसं काही नाहीये.

बटण सेलचंच घ्या. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो, कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्यावर चालतं. दहा वर्षांच्या जुन्या मशीनमध्ये तो हमखास संपलेला असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅबची मेन लाइन बंद करून ठेवतात, जूनमध्ये चालू केलं की मशीनवर कुठलीतरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची तारीख येते. आता तारीख चुकली की ब्राउझर म्हणतो ही साइट सुरक्षित नाही, कारण सर्टिफिकेटच्या तारखा जुळत नाहीत, आणि अपडेट करायला गेलं तर एपीटी (सॉफ्टवेअर उतरवून बसवणारा प्रोग्रॅम) सांगतं की ही फाइल अजून लागूच झालेली नाही. इंटरनेट नीट असेल तर लिनक्स वेळ आपोआप लावून घेतं पण नेट नसलं किंवा ऑटोमॅटिक वेळेचं बटण कुणी बंद केलेलं असलं तर बसतं तसंच. त्यातून सेल गेल्यावर बायोसमधल्या (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधल्या) सेटिंग पण मूळ पदावर जातात, बूट कुठून करायचं ते बदलतं, आणि मशीन चालूच होत नाही. लोक म्हणतात लिनक्स उडालं, पुन्हा इन्स्टॉल करा. अहो काही उडालेलं नाही, सेल बदला, बायोसमध्ये बूटची ऑर्डर नीट लावा, झालं. चहाच्या दोन-तीन कपांच्या पैशात येतो तो सेल.

घड्याळाचा अजून एक प्रकार आहे, ज्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलंय तिथला. एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते. कारण लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज भारतीय वेळ ठेवतं, आणि दोघं एकमेकांचं पुसून आपली लिहीत बसतात. टाइमडेटसीटीएलच्या एका कमांडने लिनक्सला सांगता येतं की तू पण स्थानिक वेळच धर. हे माहीत नसेल तर माणूस आठवडाभर डोकं धरून बसतो, आणि हजेरीच्या नोंदींच्या वेळा चुकतात तो त्रास वेगळाच.

लाइट जाणं हा आपल्याकडचा रोजचा विषय. लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम जर्नल, म्हणजे बदलांची नोंद, ठेवते त्यामुळे मधेच लाइट गेली तरी बहुतेक वेळा पुढच्या वेळी स्वतःच सावरून चालू होते. पण कधीकधी, विशेषतः डिस्क जुनी असेल तर, चालू करताना मधेच थांबते आणि काळ्या स्क्रीनवर कंसात इनिटरॅमएफएस एवढंच येतं. हे बघितल्यावर भलेभले घाबरतात आणि दुकानात नेतात आणि दुकानदार फॉरमॅट मारून पायरेटेड विंडोज टाकून देतो, हे मी खूप वेळा बघितलंय. तिथे थोडं वर वाचायचं, कुठल्या पार्टिशनमध्ये गडबड आहे ते लिहिलेलं असतं, एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) टाइप करायचं, डॅश वाय द्यायचं आणि त्या पार्टिशनचं नाव, एंटर, मग एक्झिट. बहुतेकदा मशीन उठतं. आणि उठल्यावर लगेच डिस्क्स नावाचं सॉफ्टवेअर उघडून डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे तिच्या तब्येतीचा अहवाल, बघायचा, रीअलोकेटेड सेक्टरचा (खराब झालेल्या जागांचा) आकडा वाढत चाललेला असेल तर डिस्क जाणार आहे, त्याच दिवशी डेटा काढून घ्यायचा, उद्यावर ढकलायचं नाही. लॅबला इन्व्हर्टर किंवा छोटा यूपीएस असेल तर यातलं निम्मं होतच नाही हेही सांगून ठेवतो.

तिसरी नेहमीची तक्रार म्हणजे पासवर्ड टाकला की स्क्रीन एकदा लुकलुकते आणि परत पासवर्डच मागते. पासवर्ड बरोबर असतो. बरेचदा डिस्क १०० टक्के भरलेली असते त्यामुळे डेस्कटॉप उघडायला जागाच नसते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबायचं, साधी अक्षरांची स्क्रीन येते, तिथे लॉगिन करून डीएफ डॅश एच टाइप केलं की कुठे किती भरलंय दिसतं. भरतं कशाने, तर मुलांनी उतरवलेले पिक्चर, कचरापेटीत पडून राहिलेल्या फाइली आणि टाइमशिफ्ट या सॉफ्टवेअरने सिस्टिमच्या काढून ठेवलेल्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट. १२० जीबीच्या एसएसडीवर कुणीतरी टाइमशिफ्टला रोजचे पाच, आठवड्याचे पाच, महिन्याचे पाच असं लावून दिलेलं असतं. छोट्या डिस्कवर आठवड्याचे दोन पुरे.

टाइमशिफ्टबद्दल जरा थांबून बोलतो कारण इथे फार मोठं नुकसान होतं. टाइमशिफ्ट सिस्टिमचा फोटो काढून ठेवतं, एखादा अपडेट बिघडला तर कालच्या स्थितीला परत जाता येतं, उत्तम आहे. पण ते तुमच्या फाइली सांभाळत नाही. होम फोल्डर त्यात नसतोच, मुद्दाम नसतो, आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर ठेवले असतील तर डिस्कबरोबर तेही जातात. एका संस्थेत टाइमशिफ्ट चालू आहे म्हणून सगळे निर्धास्त होते, डिस्क गेली आणि सभासदांच्या नोंदींची कित्येक महिन्यांची शीटं गेली, मग कागदावरून परत टाइप करत बसले कर्मचारी, रात्री उशिरापर्यंत. फाइलींचा बॅकअप हा वेगळा घ्यावा लागतो. मिंटमध्ये बॅकअप टूल येतं, बॅक इन टाइम आहे, ज्याला कमांडची सवय आहे त्याने फाइलींची प्रत काढणारं आरसिंक वापरावं आणि ठरलेल्या वेळी काम करणाऱ्या क्रॉनमध्ये लावून टाकावं की रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत आपोआप होईल (रात्री लावू नका, रात्री मशीन बंद असतात, क्रॉन बंद मशीनवर चालत नाही आणि साधा क्रॉन चुकलेलं काम नंतर करतही नाही). एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक प्रत वेगळ्या इमारतीत, म्हणजे मुख्याध्यापकांच्या घरी ठेवली तरी चालेल पण मग ती एन्क्रिप्ट करून ठेवा, मुलांचे आधार नंबर असतात त्यात. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडून बघायची. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

अपडेटचं असं आहे की वीस मशीन आणि नेट मात्र एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अशी बऱ्याच शाळांची स्थिती असते. प्रत्येक मशीनने वेगवेगळं उतरवायचं म्हटलं तर दिवसाचा डेटा पहिल्या दोन-तीन मशीनमध्येच संपतो, मग शिक्षक अपडेटच बंद करून टाकतात आणि तिथूनच घसरण सुरू होते. यावर साधा उपाय आहे, एपीटी कॅशर एनजी नावाचं सॉफ्टवेअर एका मशीनवर टाकायचं, बाकीच्यांना सांगायचं की अपडेट त्याच्याकडून घ्या, मग एक पॅकेज बाहेरून एकदाच उतरतं आणि पुढे लॅबच्या आतल्या आत सगळ्यांना मिळतं. त्याच मशीनवर किविक्स या सॉफ्टवेअरने मराठी विकिपीडिया ठेवला तर नेट नसताना पण मुलांना लेख वाचायला मिळतात, हे मी आवर्जून करतो कारण मुलं खरंच वाचत बसतात. आणि एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या सोयीने) एका खुर्चीत बसून वीसच्या वीस मशीनला तीच कमांड देता येते, फक्त पासवर्डने लॉगिन बंद करून की, म्हणजे किल्लीची फाइल, वापरायची आणि लॅबच्या बाहेरून एसएसएच उघडं ठेवायचं नाही.

आवृत्ती निवडताना एलटीएसच, म्हणजे बरीच वर्षं अपडेट मिळणारीच घ्यायची. मिंटची २२ ही मालिका उबुंटू या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर आहे आणि तिला २०२९ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळणार आहेत. नवीन नवीन चकचकीत काहीतरी दर सहा महिन्यांनी बदलायची हौस घरी करावी, शाळेत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता ते आठवत असेल, आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्याने खणून काढलं. तो चोरदरवाजा डेबियनच्या टेस्टिंग आणि फेडोरा या लिनक्सच्या रॉहाइडसारख्या कच्च्या आवृत्त्यांपर्यंत पोचला होता, डेबियनच्या स्टेबल आवृत्तीत आणि उबुंटूच्या एलटीएसमध्ये तो गेला नाही. थांबून, तपासून येणाऱ्या आवृत्तीचा फायदा हाच.

खाती वेगळी ठेवा हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो आणि प्रत्येक ठिकाणी सगळे एकाच ॲडमिन खात्यात बसलेले सापडतात, पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर. ॲडमिन एक, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात ऑफिसच्या कपाटात, आणि बाकी सगळ्यांना साधं खातं ज्याला सुडोचा (ॲडमिन म्हणून कमांड चालवायचा) अधिकार नाही. मुलांसाठी गेस्ट सेशन चालू करता येतं, लॉगआउट केलं की सगळं साफ. काही बिघडलं की कुणी काय टाकलं ते एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये तारीख-वेळेसकट लिहिलेलं असतं, म्हणजे एकमेकांवर ढकलाढकली होत नाही. आणि हल्ली व्हिडिओ बघून किंवा एआयला विचारून आलेली कमांड तशीच्या तशी सुडो लावून चिकटवायची सवय वाढलीये ती फार वाईट आहे. फाइल उघडत नाही म्हणून अख्ख्या फोल्डरला सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळे अधिकार देणारी कमांड) मारतात, त्याने फाइल उघडते खरी पण कुणीही काहीही बदलू शकतं आणि सिस्टिमच्या फोल्डरला मारलं तर मशीनच अंगावर येतं. आधी एलएस डॅश एल करून फाइल कुणाच्या नावावर आहे ते बघा, बहुतेक वेळा सीएचओन करून ती योग्य माणसाच्या नावावर केली की काम होतं.

प्रिंटर. यात खोटं आश्वासन देणार नाही. गेल्या काही वर्षांतले नेटवर्कवाले प्रिंटर लिनक्स ड्रायव्हरशिवायच पकडतं, यूएसबीने जोडलेले पण बरेच पकडतं. पण आपल्याकडे ऑफिसाऑफिसात जे जुने छोटे लेझर बसलेत, एलबीपी २९०० आणि लेझरजेट १०२०, त्यांचं तसं नाही. १०२० ला एचपीच्या एचपीलिप या ड्रायव्हरचं प्लगइन टाकावं लागतं, ते एकदा नेटवरून उतरवलं की चालतो. २९०० ला कॅननचा वेगळा कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि तो बसवायला अनुभवी माणूस पाहिजे, पहिल्यांदा करणाऱ्याचा अर्धा दिवस जातो. म्हणून पुढचा प्रिंटर घेताना मागणीपत्रातच लिहा की लिनक्सवर चालणारा हवा.

मराठी टायपिंगची काळजी करू नका, ते उलट जास्त सरळ आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडायचा, आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकलं तर इन्स्क्रिप्ट (सरकारी कीबोर्ड) आणि उच्चारानुसार दोन्ही मिळतं. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ येतो, त्याला हलंत जोडून य टाइप केला की दऱ्या, वाऱ्यावर, सगळं नीट उमटतं, शिफ्ट आणि एनवर ळ आहे. रेमिंग्टनवर हात बसलेल्यांना थोडे दिवस अवघड जातं हे मान्य. खरी अडचण जुन्या फाइलींची आहे, ज्या कृतीदेव, श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये केल्यात. त्या युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) नाहीत, दुसऱ्या मशीनवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो, आणि हे विंडोजच्या नवीन मशीनवर पण होणारच आहे. निमित्ताने त्या युनिकोडमध्ये करून घ्या. कन्व्हर्टर मिळतात, फक्त नंतर एक नजर वाचून काढा, रफार आणि जोडाक्षरं इकडेतिकडे होतात.

लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फाइली उघडतात, एखादं टेबल हलतं, एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिलेले असतील तर ते चालतील याची खात्री नाही. हिशोबाचं टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. आधारच्या अंगठ्याच्या मशीनला लागणारं आरडी सर्व्हिस हे सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असतं. डीएससीच्या (डिजिटल सहीच्या) टोकनचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, जीएसटीच्या पोर्टलवर सही करायचं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी पण आहे, पण प्रत्येक टेंडर पोर्टलवर तसं असेलच असं धरून चालू नका. माझा सल्ला सरळ असतो, ज्या टेबलावर टॅली, अंगठा आणि डिजिटल सही आहे ते एक मशीन विंडोज ११ चं नवीन घ्या आणि बाकीचे लिनक्सवर न्या. दहाच्या दहा मशीन बदलायच्या हट्टापायी कामं अडली की लोक सगळंच माघारी फिरवतात, ते मला नको आहे. सरकारकडे मात्र मागणी आहे की लोकांच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक पोर्टलचं साइनिंग सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर लिनक्सवर चालले पाहिजेत आणि तशी अट टेंडरमध्येच असली पाहिजे. सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाचं स्वतःचं लिनक्स काढून कितीतरी वर्षं झाली, म्हणजे सरकारला लिनक्स माहीत नाही असं नाही.

आता माणूस कुठून आणायचा. केरळने हे करून दाखवलंय. तिथे आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प २००१ ला सुरू झाला, पुढे २०१७ मध्ये त्याची काइट ही सरकारी कंपनी झाली, शाळांसाठी त्यांचं स्वतःचं लिनक्स आहे मल्याळमसकट, आणि २०१८ पासून हायस्कुलांमध्ये लिटिल काइट्स नावाचे विद्यार्थ्यांचे क्लब आहेत. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की त्यांनी नुसतं सॉफ्टवेअर वाटलं नाही, आधी शिक्षकांना शिकवलं, प्रशिक्षकांची साखळी उभी केली, आणि मशीन सांभाळायच्या कामात मुलांना घेतलं. आठवी-नववीच्या मुलांना सेल बदलणं, डीएफ बघणं, प्रिंटरची अडकलेली रांग मोकळी करणं सहज जमतं, मी स्वतः शिकवलंय, आणि मुली यात जास्त व्यवस्थित असतात, वहीत लिहून ठेवतात काय केलं ते.

महाराष्ट्रात आपल्याकडे माणसं नाहीत असं नाहीये. तालुक्यातालुक्याला आयटीआय आहेत, तिथे कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) ट्रेडला लिनक्सच्या कमांड अभ्यासक्रमात आहेत पण प्रॅक्टिकलला खरं मशीन दुरुस्त करायला मिळत नाही. त्या मुलांना महिन्यातून दोन दिवस जवळच्या शाळा आणि वाचनालयं वाटून द्या, प्रवासखर्च आणि मानधन द्या, फुकट राबवू नका. शिकायला मराठीत काही नाही ही तक्रार पण खरी नाही, मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे आणि लिब्रेऑफिसचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे, फुकट, बघत बघत सोबत टाइप करायचं. शाळेतल्या ज्या शिक्षकाकडे हे काम देणार त्याला आठवड्याचे दोन तास तासिकेतून सोडवा आणि तसं वेळापत्रकात लिहा. आत्ता होतं काय की ज्याला थोडं कळतं त्याच्याच गळ्यात हे पडतं, शाळा सुटल्यावर, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं संपल्यावर, आणि तो बदलून गेला की पासवर्डसकट सगळं त्याच्याबरोबर जातं. बदलीच्या चार्ज यादीत जशा कपाटाच्या किल्ल्या लिहिल्या जातात तशी ॲडमिनच्या पासवर्डचं पाकीट, बॅकअपची डिस्क आणि मशीनची वही या तीन नोंदी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी एका पत्राने येत्या जूनच्या आत सक्तीच्या कराव्यात. ज्या शाळेला किंवा वाचनालयाला अशी वही कशी ठेवायची त्याचा नमुना पाहिजे असेल त्यांच्यासाठी मी तो एका पानाचा करून आपल्या कार्यालयात देऊन ठेवतो, जो मागेल त्याला द्यावा.

आपला नियमित वाचक,
कराड, जि. सातारा